मेदुवम्माचा म्हातारा

माझ्या आयुष्यात मला एकाच माणसाने फसवलं, आणि तेही मी जिंकलो म्हणून मिशीत हसत असताना. माणूस आता नाही. म्हणजे भांडायचं तर एकट्यानेच भांडावं लागतं, आणि समोर कुणी नसेल तर भांडणाला भाव येत नाही. म्हणून लिहून ठेवतो.

मी तंजावूरचा. राजवाड्यामागच्या गल्लीत माझं पितळेचं आणि पंचधातूचं दुकान आहे. समया, घंगाळी, देव. आमच्या घरांत मराठी पिढ्यान्‌पिढ्या टिकली, लिपी मात्र टिकली नाही. देवनागरी मी चाळिशीनंतर शिकलो, तीही रागाने. पुण्याहून आलेल्या एका गिऱ्हाइकाने, 'मराठी म्हणवता आणि मराठी वाचता येत नाही?' असं दुकानात चारचौघांत विचारलं होतं. राग हेच माझं भांडवल. बापाने दुसरं काही ठेवलं नव्हतं. याच गल्लीत एका भाड्याच्या खोलीत आम्ही सात जण राहायचो आणि पाळीपाळीने जेवायचो, कारण सात पानं एका वेळी मांडायला जमीनच नव्हती. तिथून इथवर मी आलो तो भाव करत करत.

भाव करण्याचे माझे तीन डाव आहेत. हसायचं, चिडायचं, उठून चालू लागायचं. कुंभकोणमपासून मदुरैपर्यंत या तीन डावांपुढे टिकलेला व्यापारी मी पाहिला नाही. हा म्हातारा बावीस वर्षं टिकला.

तो तिरुवैयारूला कावेरीकाठच्या रस्त्यावर राहायचा. पिढीजात स्थपती. म्हणजे मेणाची मूर्ती घडवायची, तिच्यावर नदीचा गाळ लिंपायचा, भाजून मेण काढून टाकायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. मूर्ती बाहेर काढायला साचा फोडावाच लागतो, म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती. मी एकदा म्हणालो, "अय्या, गिऱ्हाइकाला हुबेहूब असाच दुसरा कृष्ण हवा आहे."

त्याने विचारलं, "तुम्ही भावंडं किती?"

"पाच."

"त्यात हुबेहूब तुमच्यासारखं कोणी निघालं?"

"नाही."

"तुमची आई शहाणी. तिनेही साचा फोडला."

भाव त्याने एकदा सांगितला की संपलं. मी हसलो तर तोही हसायचा, अगदी मनापासून. चिडलो तर हातातलं काम तसंच चालू ठेवून म्हणायचा, "रायर, आवाज खाली. मेण मऊ पडतंय." आमच्या लोकांना इथली तमिळ माणसं रायर म्हणतात. मेणाच्या मूर्ती तो दगडी टाक्यात थंड पाण्यात बुडवून ठेवायचा, आणि चैत्र-वैशाखात तर मला कारखान्याच्या उंबऱ्याबाहेर बसवायचा. आत उष्णता नको, म्हणे. बाकीचे व्यापारी आत पंख्याखाली. उठून जाण्याचा डावही मी खेळून पाहिला. एकदा तडक निघालो, बसमध्ये बसलो, दोन थांबे पुढे गेलो. कोणी बोलवायला आलं नाही, तेव्हा तिकिटाचे पैसे वाया घालवून परत आलो. म्हाताऱ्याने मान वर केली नाही. "कॉफी निवली," एवढंच म्हणाला. पेला तिथेच ठेवलेला होता, माझ्या जागेवर, झाकून.

त्याच्या कानावर नेहमी नारळाच्या झावळीची एक पट्टी खोवलेली असायची. तिच्या घड्या घालून तो मूर्तीचं माप काढायचा. त्यांच्या शास्त्रात शरीर तोंडाने मोजतात. कपाळाच्या केसांपासून हनुवटीपर्यंत एक तोंड. थोर देव दहा तोंडांचा, शंकराचे बुटके गण चार-पाच तोंडांचे. ही मोजणी त्याच्या डोळ्यांत इतकी मुरली होती की आला-गेला माणूस तो मोजूनच घ्यायचा. बँकेचे एक साहेब मूर्ती बघून गेले, तर मला हळूच म्हणाला, "आठ तोंडं आहेत, पण एकही स्वतःचं नाही." मला म्हणायचा, "तुम्ही साडेसात. रागावलात की मान आत जाते, मग सात. देव व्हायला कमी पडता, पण द्वारपाल म्हणून कुठेही उभं करावं."

असा माणूस. आता मेदुवम्मा.

आमच्या भागात खंदकाच्या कडेला एक लहानसं उद्यान झालं. त्यात पुतळा कोणाचा, यावर समितीच्या तीन बैठका मोडल्या. प्रत्येकाने आपापला पुढारी आणला होता. शेवटी कोणीतरी कंटाळून म्हणालं, उद्यान मुलांचं आहे, मुलांना विचारा. मुलांनी एका दमात सांगितलं, मेदुवम्मा.

मेदुवा म्हणजे तमिळमध्ये सावकाश. आमच्याच गावच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी मुलांसाठी लिहिलेल्या तमिळ पुस्तकांतली ही कासवीण. हातात छत्री, गळ्यात डबा, सोमवारी सकाळी शाळेला निघते आणि शुक्रवारी शाळा सुटताना पोचते. धडा बुडतो, पण वाटेत जे पाहिलं ते ती असं सांगते की सगळा वर्ग शनिवारीही शाळेत येतो. माझ्या दोन्ही मुलांना मी ही पुस्तकं वाचून दाखवलेली. पोरं झोपायची आणि मी पुढचं पान उलटायचो.

पुतळा करून घेण्याचं काम समितीने माझ्यावर टाकलं, कारण भाव दुसऱ्या कोणाला करता येत नव्हता. मी बाईंना घेऊन तिरुवैयारूला गेलो. पुस्तकातलं चित्र दाखवलं. चित्रात मेदुवम्मा मागच्या दोन पायांवर उभी. म्हाताऱ्याने ते चित्र एकदा सरळ, एकदा उलटं धरून पाहिलं.

"ही घाईत असते का कधी?" त्याने बाईंना विचारलं.

"कधीच नाही."

"मग हिला उठवून उभी कशाला केलीत? घाई असते तो उभा राहतो."

बाई इतक्या वर्षांच्या शिक्षिका, पण त्यांनी पहिल्या बाकावरच्या मुलीसारखं ते लिहून घेतलं. मग म्हाताऱ्याने सगळी पुस्तकं ठेवून घेतली. डोळे अधू झाले होते, म्हणून थोरल्या सुनेने ती वाचून दाखवली. पुढच्या खेपेला बाईंना घेऊन गेलो तर म्हणतो, "तीन पाय जमिनीवर, एक उचललेला. आता टाकणार, पण टाकलेला नाही. छत्री पाठीवर बांधलेली. तिला ऊन लागतं कुठे? ती छत्री दुसऱ्यांसाठी आणते." हे एकाही पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "मलाच आता कळलं."

मग मी भावाला बसलो. मला दोन गोष्टी हव्या होत्या. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत पुतळा, आणि सांगितलेल्या आकड्यातला चौथा हिस्सा कमी. बावीस वर्षांच्या सवयीने मी हसण्यापासून सुरुवात केली. चिडण्यापर्यंत पोचायच्या आतच म्हातारा म्हणाला, "बरं. तुम्ही म्हणाल तसं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "दोन्ही?"

"दोन्ही. फक्त काम इथे होणार नाही. तुमचं नवं घर बांधून झालंय म्हणता. त्याच्या परसात जागा द्या. तिथेच घडवतो, तिथेच ओततो."

मी लगेच हात पुढे केला. एवढंच? परस रिकामंच पडलं होतं. तंजावूरला परतेपर्यंत मी तिघांना फोन करून सांगितलं की आज म्हातारा वाकला. त्या दिवशी मी बसमध्ये शेजारच्या अनोळखी माणसाला केळी खाऊ घातली.

घरी बायकोला सांगितलं. ती ओरत्तनाडूची. मराठीच, पण जन्म तमिळ शेजारात गेलेला. भांडी विसळत होती, ती थांबली.

"कासव? घरात?"

"परसात."

"परस काय घराबाहेर आहे? अय्यो, तुम्हांस बुद्धी कोठे होती! कासव शिरलं ते घर वर येत नाही, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं."

खरंच जाणतं. मीही जाणत होतो. तमिळमधली जुनी म्हण आहे. कासव शिरलेलं घर आणि जप्तीवाला शिरलेलं घर पुन्हा उभं राहत नाही. भावाच्या भरात ती माझ्या डोक्यातून पार निसटली होती. तरी मी म्हणालो, "आपल्यांत कासव देवासमोर असतं. प्रत्येक देवळात असतं."

"देवळात असतं. देव सोसतो. मज सोसायचं नाही."

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याच्या सुनेला फोन लावला, तेव्हा उलगडा झाला. त्याच्या तिन्ही सुनांनी एकमुखाने सांगितलं होतं की मामंजी, या घरात वाघ ओता, भुतं ओता, पण कासव नाही. म्हाताऱ्याने तो सुनांचा नकार माझ्या गळ्यात घातला होता, आणि वर मला हवं ते सगळं देऊन. शब्द मोडणं माझ्या धंद्यात बसत नाही. हे त्याला माहीत होतं. बावीस वर्षांत माझ्यातलं एवढंच त्याने मोजलं होतं की काय, कोण जाणे.

फाल्गुनात तो पथारी घेऊन आला. बरोबर दोन कारागीर. मेण आणि राळ गोळे करून आणलेलं, गाळ पोत्यांत. मी म्हणालो, "मेणाची मूर्ती तिकडेच करून आणायची होतीत. वेळ वाचला असता." तो म्हणाला, "नाही. सगळं इथेच." मला वाटलं जेवणाच्या पानासाठी. कारण बायको कासवावर जितकी नाराज, तितकाच तिचा स्वयंपाक म्हाताऱ्याला पसंत पडला होता. आमचं सांबार तो जेवताना एकदा बोटाने पानावरून उचलून उन्हात धरायचा, रंग बघायला, आणि म्हणायचा, "ओतायला योग्य." पहिल्या आठवड्यात बायको त्याच्यासमोर पान आपटत होती. तिसऱ्या आठवड्यात ती त्याला विचारत होती, उद्या काय करू.

परसात तो दिवसभर उकिडवा बसायचा आणि मेणाशी बोलायचा. "हं, मान इकडे. इकडे बघ, शाळा तिकडे आहे." मेणाला दटावायचा, समजूत काढायचा, आणि संध्याकाळी टाक्यात बुडवताना "नीज आता" म्हणायचा. मी पोकळ ओतायचं सुचवलं. धातू वाचतो, वजन कमी होतं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की माझं अर्धं तोंड आणखी कमी झालं असावं. "पोकळ माणसं असतात, रायर. मूर्ती भरीवच."

भरीव ओतली. ओतण्याच्या दिवशी गोवऱ्यांच्या धुराने सगळी आळी खोकली. दुसऱ्या दिवशी साचा फोडला आणि काळपट, खडबडीत, मांडीएवढ्या उंचीचं कासव माझ्या परसात तीन पायांवर उभं राहिलं. आठ माणसांचं ओझं. मग म्हातारा कानशी आणि छिन्न्या घेऊन महिनाभर तिला साफ करत बसला.

इकडे वैशाखातला वास्तूचा मुहूर्त जवळ आला; राहायला आम्ही आधीच आलो होतो, वास्तू तेवढी बाकी होती. या दिवसासाठी मी आयुष्यभर थांबलो होतो. मला त्या घरात शंभर माणसं एका पंगतीत जेवताना पाहायची होती. पाळ्या नाहीत. सगळ्यांची पानं एकदम. त्यासाठी मी पुढचा दिवाणखाना मधे खांब न घेता बांधला होता, गवंड्याशी वाद घालून. आणि आता आमंत्रणं द्यायला गेलो की लोक हळद-कुंकू घ्यायचे, पत्रिका घ्यायचे, आणि विचारायचे, "कासव गेलं का?" धाकट्या बहिणीने तोंडावर सांगितलं, पोटुशी सून आहे, येणार नाही. आचाऱ्याने विचारलं, चूल परसात लावायची का, आणि परसात काय आहे ते ऐकून, "बघतो, सांगतो," म्हणून फोन ठेवला. बायकोचा भाऊ ओरत्तनाडूला सरकारी कचेरीत. तो म्हणाला, "भावजी, ते बाहेर काढा, त्याच दिवशी येतो."

बाहेर काढायचं कसं? परसाला दुसरा रस्ता नव्हता. होता, पण तो मीच बुजवला होता. हातभर जागेसाठी शेजाऱ्याशी भांडून मागचं दार काढलं आणि त्या जागी भिंत घातली. शेजारी आता म्हणतो, "पाडा की भिंत." पण त्याबरोबर हातभर मागेसुद्धा सरका, म्हणतो. म्हणजे मेदुवम्माला जायचं तर स्वयंपाकघरातून, दिवाणखान्यातून, देवघरासमोरून, पुढच्या दाराने. सबंध घर ओलांडून. शेजारीपाजारी ते ऐकूनच कानाला हात लावू लागले.

मुहूर्ताला तीन दिवस उरले. मी परसात गेलो. म्हातारा तिच्या नखांवर कानस फिरवत होता.

"तुम्ही मला फसवलंत!" मी ओरडलो. "बावीस वर्षं तुमच्याकडून घेतोय. एक पैसा बुडवला नाही. आणि माझ्या घराची वास्तू व्हायच्या आधी तुम्ही घर बुडवलंत! तीन दिवसांनी मी रिकाम्या दिवाणखान्यात एकटा जेवू?"

"रायर, आवाज खाली."

"आता कुठे मेण आहे?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं. "खरंच की. सवय." मग कानस खाली ठेवली. "म्हण काय आहे? सांगा."

"कासव शिरलेलं घर..."

"शिरलेलं. ही कुठून शिरली?"

मी वळून घराकडे पाहिलं.

"पुढच्या दारातून मेण आलं, राळ आली, गाळ आला, तुमच्या दुकानातली जुनी पितळ आली. कासव आलं का? मेणाचंसुद्धा आलं नाही. मी आणलं नाही. तुम्ही वेळ वाचवायला सांगत होतात तरी आणलं नाही." त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. "ही इथे झाली. तुमच्या जमिनीवर, तुमच्या धातूची. जी घरात होते आणि मग पुढच्या दाराने जाते, तिला काय म्हणतात?"

स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती. हातात उलथनं. आम्हाला दोन मुलगे. एक चेन्नईत, एक बंगळूरला. मुलगी व्हावी म्हणून तिने केलेले नवस मला माहीत आहेत, कारण त्यातल्या अर्ध्या देवांच्या मूर्ती मीच पोचवल्या.

"लेक," ती म्हणाली. मला नाही, म्हाताऱ्याला.

"मग मला कशाला विचारता? पाठवणीची तयारी करा."

मी सांगत होतो की हा शुद्ध वकिली युक्तिवाद आहे, याने कोणाचं समाधान होणार नाही. पण माझं ऐकायला तिथे कोणी उरलं नव्हतं. बायकोने ओरत्तनाडूला फोन लावला होता.

"आमच्या घरातनं लेक निघते आहे. मामा म्हणून तुज यावंच लागेल." तिकडून काहीतरी आलं. "मज ठाऊक आहे कासव आहे. कासव झालं म्हणून मामाचा मान सुटतो का?" पुन्हा काहीतरी. "सरी, नको येऊस. लोक विचारतील तेव्हा सांगते, मामा ओरत्तनाडूस आहे, पण त्यास भाचीची भीती वाटते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा हिरवी साडी घेऊन दारात हजर. त्याने उंबऱ्यावर क्षणभर चप्पल काढायचं निमित्त केलं, डोळे मिटले आणि आत आला. तो आला म्हटल्यावर त्याची बायको आली. ती आली म्हणून माझी बहीण आली, पोटुशी सुनेसकट, कारण मामीला मान मिळाला आणि आत्या मागे राहिली असं होऊ देणं आमच्या घराण्यात नाही. आचारी म्हणाला, लग्नाचा स्वयंपाक आधीच सांगायचा ना, पायसम दोन प्रकारचं करायला हवं.

मुहूर्ताच्या सकाळी म्हाताऱ्याने परसात तिचे डोळे उघडले. मूर्तीचे डोळे तोवर कोरलेले नसतात. शेवटी सोन्याच्या छिन्नीने कोरतात, आणि मूर्ती पहिल्यांदा जे बघते ते शुभ असावं लागतं. देवाला आरसा दाखवतात, गाय-वासरू दाखवतात. मी म्हणालो, "ही देव नाही. हिचे डोळे असेच कोरून टाका." तो म्हणाला, "हिचं सगळं काम बघण्याचं. हिच्या बाबतीत चूक झाली तर चालेल?" गाय मात्र देवघरासमोरून परसात नेऊ द्यायला बायको तयार नव्हती. म्हातारा म्हणाला, "गाय नको. बापाला समोर बसवा."

मला तिच्यासमोर जमिनीवर बसवलं. मागे सगळे नातेवाईक.

"चेहरा नीट करा, रायर. हा तिला जन्मभर पुरायचा आहे."

मी नीट केला.

"हा गिऱ्हाइकाचा झाला. दुसरा करा."

दुसरा केला. मेहुणा मागून हसला. मी मागे वळून त्याच्यावर खेकसलो, आणि वळून परत समोर बघतो तर म्हाताऱ्याने छिन्नी मारलेली. दोन्ही डोळे उघडे. माझ्या तोंडावर त्या क्षणी काय होतं, मला माहीत नाही. विचारलं तर तो म्हणाला, "जे होतं ते." शेवटपर्यंत दुसरं उत्तर दिलं नाही.

मग जेवणं झाली. लेक उपाशी घरातून जात नाही, असं म्हाताऱ्याने जाहीर केलं आणि तिच्यापुढे पहिलं पान वाढवलं. शंभराच्या वर पानं पडली, एका पंगतीत, खांब नसलेल्या दिवाणखान्यात. मी वाढत होतो. मला कोणी बस म्हणत होतं आणि मला बसता येत नव्हतं. मी त्या टोकापासून या टोकापर्यंत पानांच्या रांगेकडे नुसता बघत होतो, हातात तुपाचं भांडं घेऊन, आणि तूप एकाच माणसाच्या भातावर पडत होतं. तो म्हाताराच होता. त्याने हात आडवा केला नाही.

दुपारी बायकोने मेदुवम्माची ओटी भरली. नारळ, तांदूळ, हळकुंड. हिरवी साडी तिच्या पाठीवरून छत्रीवर घातली. आठ हमालांनी बांबू खांद्यावर घेतले. पुढे नादस्वरमवाला, मागे आळीतली सगळी पोरं. स्वयंपाकघरातून दिवाणखाना, दिवाणखान्यातून देवघरासमोर, आणि पुढच्या दारातून ती बाहेर पडली. दारात बायका रडल्या. माझी बहीण, जी येणार नव्हती, ती सगळ्यांत जास्त रडली. उद्यानात शिक्षिकाबाईंनी तिच्या उचललेल्या पायाखाली हात घालून पाहिला आणि म्हणाल्या, "पोचली. शुक्रवारच आहे आज."

पाचव्या दिवशी म्हातारा तिरुवैयारूहून बसने आला. "नवी लेक पाचव्या दिवशी माहेरी येते ना तुमच्यात?"

मी म्हणालो, "अय्या, आता मात्र हद्द झाली. ती परत दारातून आत आली तर ते कासव शिरलंच की!"

"म्हणूनच आलो. ती येऊ शकत नाही. म्हणजे जायचं तुम्ही."

आम्ही तिघे गेलो. मी, बायको आणि तो. तिच्या पाठीवर चार पोरं बसलेली, पाचवं छत्रीला लोंबकळत होतं. शेजारी सुंडल विकणारी बाई होती. उकडलेले हरभरे, वर खोबरं. मी भाव केला, तीन पुडे घेतले, एक म्हाताऱ्याला दिला आणि एक तोंडाकडे नेला, तर बायकोने मनगट धरलं.

"काय करता? लेकीच्या सासरी?"

आमच्यात रीत आहे. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या सासरचं काही खायचं नाही, पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. मी म्हणालो, "अगं, उद्यान आहे हे!"

"तिचं सासर हेच."

म्हाताऱ्याने सगळं समजून घेतलं. दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाला, "फार चांगली रीत आहे," आणि माझ्या हातातला पुडा काढून घेऊन तोही खाल्ला.

पुढच्या वर्षी तो गेला. पंचधातूच्या कासविणीला मूल होत नाही, हे धातूत जन्म काढलेल्या माणसाला माहीत नव्हतं असं मला कोणी सांगू नये.

दर शुक्रवारी संध्याकाळी मी दुकान मुलांपैकी कोणी आलं असेल तर त्याच्यावर, नसेल तर नोकरावर सोपवून उद्यानात जातो. तिच्याजवळच्या बाकावर बसतो. इथला उन्हाळा ज्यांनी सोसला आहे त्यांना सांगायला नको. सुंडलवाली म्हणते, "रायर, इतकी वर्षं बसता, दोन घास खाऊन बघा, फुकट देते." फुकट म्हटल्यावर माझा हात आपोआप पुढे होतो, तो मी मागे घेतो. ती मला कंजूष समजते. पोरं पाण्याच्या बाटल्या पुढे करतात, "ताता, घ्या," म्हणून आजोबाला आग्रह करतात. मी मान हलवतो. घसा अगदीच कोरडा पडला की तिच्या तापलेल्या पाठीवर हात ठेवतो, "येतो ग," म्हणतो, आणि घरी जाऊन दोन तांबे पाणी पितो.